नाक मोकळं करायचं की फुंकणी लावायची?

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या गृहसंकुलाच्या तळघरात, पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात एक खोली असते. आत सतत घोंघावणारा आवाज आणि दमट, नकोसा वास. ही सांडपाणी शुद्ध करायची खोली, सगळे तिला एसटीपी म्हणतात. टाकीतल्या जिवाणूंना प्राणवायू मिळावा म्हणून तिथे पाण्यात हवा सोडावी लागते. ती सोडणारी यंत्रं दुरुस्त करणं हे गेली सत्तावीस वर्षं माझं पोटापाण्याचं काम. रबाळे एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. ब्लोअर, काँप्रेसर, व्हॅक्यूम पंप, जे हवा ढकलतं किंवा ओढतं ते आमच्याकडे येतं.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या भाच्याने मस्टँग घेतली. जीटी, पाच लिटरची व्ही-एट (आठ सिलिंडरची), २०१७ची, सेकंडहँड. फोर्डने २०१६ साली ही गाडी भारतात आणली तेव्हा शोरूमची किंमत ६५ लाख होती. पठ्ठ्याने किती मोजले ते त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, अजून नीट माहीत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. महिनाभरात तो दोन कोटेशन घेऊन माझ्याकडे आला. पहिल्यात 'बोल्ट-ऑन', म्हणजे इंजिन न उघडता बाहेरून बसवायचं सामान होतं: एअर इनटेक (हवा आत घेणारी वाट), हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या), मागचा सायलेन्सर आणि कॉम्प्युटरचं ट्यूनिंग. दुसऱ्यात सुपरचार्जरचं, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणाऱ्या यंत्राचं किट. "मामा, तू हवेतला माणूस. कुठलं करू?"

मी त्याला त्याच्याच सोसायटीच्या एसटीपीत नेलं आणि ब्लोअरमधून बाहेर पडणाऱ्या पाइपला हात लाव म्हटलं. त्याने लावला आणि चटका बसल्यासारखा झटकन मागे घेतला. "आत हीटर आहे?" हीटर कसला, नुसती हवा आहे. शेजारच्या गेजवर दर चौरस सेंटीमीटरला ०.४५ किलोचा दाब दिसत होता. त्याच्या दुसऱ्या कोटेशनमध्ये लिहिलं होतं: बूस्ट (म्हणजे वातावरणाच्या वरचा जादा दाब) ७ पीएसआय. सात पीएसआय म्हणजे जवळपास अर्धा किलो. म्हटलं, "तुझ्या इंजिनावर बसणार ते यंत्र याचंच भावंड, आणि दाबही साधारण हाच. हा चटका लक्षात ठेव."

इंजिन म्हणजे पेट्रोल पिणारं यंत्र, असं आपण म्हणतो. मी म्हणतो, इंजिन म्हणजे हवेचा पंप. पेट्रोल आत घालणं सोपं असतं. पंप आहे, इंजेक्टर आहेत, मोठे बसवले की झालं. अडतं ते हवेपाशी. एक किलो पेट्रोल नीट जाळायला १४.७ किलो हवा लागते. ही पाच लिटरची मोटर दर दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेते. मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्या धरल्या तर सेकंदाला सुमारे २७० लिटर हवा होते. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांपुढे आणा; तेवढी हवा ही गाडी चार सेकंदांच्या आत गिळते. आपल्याकडच्या उकाड्यात त्या २७० लिटरचं वजन तीनशे ग्रॅमच्या थोडं वर भरतं. पूर्ण जोर लावताना मिश्रण जरा दाट, म्हणजे पेट्रोल जरा जास्त ठेवतात, त्या हिशेबाने सेकंदाला पंचवीस ग्रॅम पेट्रोल. म्हणजे एक लिटरची बाटली अर्ध्या मिनिटात रिकामी. यातली सत्तर टक्के उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते, आणि उरलेल्या तीस टक्क्यांतून चारशेच्या आसपास हॉर्सपॉवर क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर मिळते. हिशेब कागदावर मांडून बघा, जुळतो.

आता ही हवा आत ढकलतं कोण? कोणीच नाही. पिस्टन खाली गेला की सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब हवा आत लोटतो. हा दाब समुद्रसपाटीला असतो १४.७ पीएसआय. (पेट्रोलच्या १४.७ शी त्याचं काही नातं नाही, निव्वळ योगायोग. पण या योगायोगाने माझ्याकडचे दोन तरी शिकाऊ मुलगे गोंधळलेले आहेत.) म्हणजे तुम्ही वाट कितीही मोकळी केलीत तरी मागून रेटणारा तोच, १४.७ वाला.

ठाण्याच्या माणसाला हे समजवायला लोकलच पुरे. डब्याचं दार रुंद केलं, मधला खांब काढला, तर माणसं सहज चढतील, कोणी फलाटावर राहणार नाही. पण डबा भरला की भरला. हे झालं बोल्ट-ऑन. आता सकाळच्या फास्टला मागून जो रेटा येतो तो आठवा. त्याच डब्यात दीडपट माणसं शिरतात. हा झाला सुपरचार्जर किंवा टर्बो. आणि आत गेलेल्यांचं पुढे काय होतं, हे ज्याने तो प्रवास केलाय त्याला सांगायला नको.

दार रुंद करताना

बोल्ट-ऑन सामानाबद्दल जे दावे कानावर येतात, त्यांतले बरेच साठच्या दशकातून आलेले आहेत. पॉन्टिॲक जीटीओ आणि मस्टँग, या दोन्ही अमेरिकन गाड्या १९६४च्या. त्या काळातल्या मोटारींना कार्ब्युरेटर असायचा आणि धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड म्हणजे बिडाचा ओबडधोबड ओतीव ठोकळा. आठ सिलिंडरचा धूर त्या अरुंद बोळातून निघताना एकमेकांवर आदळायचा. तो काढून लांब, सारख्या मापाच्या नळ्यांचे हेडर बसवले की गाडी खरोखर बदलायची. कारण एका सिलिंडरचा धूर वेगाने पुढे गेला की मागे जरा ओढ तयार होते, आणि नळ्यांचं माप नीट जुळलं तर ती ओढ पुढच्या सिलिंडरमधला धूर खेचून घ्यायला मदत करते.

तेव्हाचे आकडेही फुगलेले असत. अमेरिकेत १९७२च्या सुमाराला मोजायची पद्धत बदलली. त्याआधी इंजिन टेबलावर ठेवून, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटर नाही, अशा उघड्या अवस्थेत मोजत. जुन्या गाडीच्या कागदावरचा आकडा आणि आजच्या गाडीचा आकडा शेजारी ठेवून वाद घालणारे लोक भेटले की मी चहा मागवतो आणि गप्प बसतो.

आजच्या मस्टँगमध्ये ही ओबडधोबड कामं कारखान्यानेच केलेली आहेत. इनटेकची वाट मोठी, मॅनिफोल्ड हलका, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हची वेळ कॉम्प्युटर हलवतो. दार आधीच बरंच रुंद आहे. त्यामुळे इनटेक, हेडर, सायलेन्सर आणि ट्यून असं सगळं केलं, आणि चांगलं केलं, तर चाळीस-पन्नास हॉर्सपॉवर मिळतील. चारशेवर दहा-बारा टक्के. यातला एकट्या सायलेन्सरचा वाटा पाच-दहा. मात्र आवाज इतका बदलतो की कान मनाला सांगतात, शंभर तरी वाढले. आवाज हवा असेल तर तसं सरळ म्हणावं, त्यात लाज कसली.

इनटेकची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण पैसे सगळ्यात सहज इथेच जातात. भाच्याचा एक मित्र बेलापूरला राहतो. त्याने दुसऱ्या एका गाडीला बोनेटखाली उघडा फिल्टर बसवला होता, लाल रंगाचा, शंकूसारखा. फोटोत फार छान. मी ओबीडीच्या खाचेत (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायची जागा) तीन-चारशे रुपयांचा डोंगल लावला आणि माजिवड्याच्या सिग्नलला गाडी अडकली असताना इनटेकच्या हवेचं तापमान बघत बसलो. बाहेर ३४ अंश. फिल्टरपाशी ६१. दर दहा अंशांना हवा जवळजवळ तीन टक्के विरळ होते. म्हणजे वाट मोकळी करून जे कमावलं त्याच्यापेक्षा जास्त उकाड्यात घालवलं. कंपनीचा बंद डबा दिसायला कुरूप असतो, पण तो बाहेरची हवा ओढतो.

मग कोणी सांगतं, फिल्टर खाली बंपरमागे न्या, तिथे थंड हवा मिळते. मिळते, खरं आहे. आणि जुलैत तिथे पाणीही मिळतं. पाणी साचलेल्या रस्त्यात खाली टांगलेला फिल्टर बुडाला की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एका दणक्यात मोटर खोलायला येते. आपल्या भागात एअर इनटेक घेताना मी पहिला प्रश्न 'किती हॉर्सपॉवर' हा विचारत नाही. फिल्टर जमिनीपासून किती उंचीवर बसणार, हा विचारतो.

हेडरची अडचण वेगळी. ते बहुतेक अमेरिकेत डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी बेतलेले असतात. आपल्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा उजवीकडून खाली उतरतो आणि नेमका नळ्यांच्या आड येतो. ऑस्ट्रेलियात उजव्या स्टिअरिंगच्या मस्टँग भरपूर विकल्या गेल्या, त्यामुळे तिकडच्या मापाचे हेडर मिळतात का ते बघायचं. 'इथे थोडं ठोकून बसवू' असं गॅरेजवाला म्हणाला की गाडी घेऊन घरी यायचं.

ट्यून म्हणजे कॉम्प्युटरमधले आकडे बदलणं: कधी ठिणगी टाकायची, किती पेट्रोल सोडायचं, ॲक्सिलरेटर किती दाबला की फुलपाखरू (हवेच्या वाटेतली झडप) किती उघडायचं. यात एक हातचलाखी असते. नुसतं पेडलचं गणित बदललं, म्हणजे वीस टक्के पाय दाबला की चाळीस टक्के उघड, तर सिग्नलला गाडी चिडलेली वाटते, 'पिकअप' वाढल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात पूर्ण पाय दाबल्यावर आकडा तोच.

फुंकणी

एसटीपीतल्या त्या ब्लोअरला रूट्स ब्लोअर म्हणतात. रूट्स हे दोन भावांचं आडनाव, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले. १८६० साली त्यांनी या यंत्राचं पेटंट घेतलं. गाड्या तेव्हा नव्हत्याच. हे यंत्र भट्ट्यांना आणि खाणींना हवा द्यायला वापरलं गेलं. आत दोन फिरक्या, एकमेकींना न शिवता उलट्या फिरतात आणि हवेचे घास एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला टाकतात. पुढे जनरल मोटर्सने आपल्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनांवर असे ब्लोअर बसवले, आणि अमेरिकेतल्या वेडपट पोरांनी ते बस-ट्रकच्या इंजिनावरचे उतरवून व्ही-एटच्या डोक्यावर चढवले. बोनेटमधून वर आलेलं ते चकचकीत धूड मूळचं कारखान्यातलं यंत्र आहे, हे समजलं तेव्हा मला आमच्या धंद्याचा जरा अभिमानच वाटला.

सुपरचार्जर क्रँकवरून पट्ट्याने फिरतो. टर्बो फिरतो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर. त्याचं पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीने १९०५ साली घेतलं. कागदावर टर्बो हुशार, कारण वाया जाणाऱ्या उष्णतेतून काम काढतो. सुपरचार्जर आपली शक्ती इंजिनाकडूनच मागून घेतो. डॉज हेलकॅट या अमेरिकन गाडीच्या ७०७ हॉर्सपॉवरच्या इंजिनात नुसता सुपरचार्जर फिरवायला ८० च्या आसपास हॉर्सपॉवर खर्च होते. एका साध्या हॅचबॅकचं अख्खं इंजिन, फक्त पंखा फिरवायला.

तरी व्ही-एटला नंतर बसवायचं म्हटलं तर मी टर्बोच्या वाटेला जाणार नाही. धुराच्या नळ्या दोन्ही बाजूंना, म्हणून बहुधा दोन टर्बो. त्यांना तेलाच्या नळ्या, धुराची अख्खी वाट नवी, आणि आठ-नऊशे अंश तापणारी भट्टी स्टिअरिंगच्या दांड्याशेजारी. कारखान्यात हे नीट होतं, गॅरेजमध्ये हे महिनोन्‌महिने चालतं. ओल्ड्समोबिल जेटफायर ही १९६२ सालची, टर्बो लावून शोरूममध्ये आलेल्या पहिल्या गाड्यांपैकी एक. नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटणं, पुढे सांगतो) होऊ नये म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारायची सोय होती, वेगळी टाकी होती. लोक ती टाकी भरायला विसरायचे. तंत्र उत्तम होतं, पण माणसाच्या विसरभोळेपणाचा हिशेब धरला नव्हता.

मग राहतो सुपरचार्जर, आणि त्यातही दोन स्वभाव. फिरक्यांचा सुपरचार्जर दर फेरीला ठरलेली हवा टाकतो, त्यामुळे दोन हजार आरपीएमलाही दाब हजर. आजचे चांगले सुपरचार्जर चार पाकळ्यांच्या पिळदार फिरक्यांचे असतात, आमच्या एसटीपीतल्या दोन-तीन पाकळ्यांच्या सरळ फिरक्यांपेक्षा बरेच सुधारलेले. पायाखाली कायम मोठी मोटर असल्याचा जो भास होतो तो यांचा. दुसरा सेंट्रिफ्यूगल: दिसायला टर्बोसारखाच गोगलगाय, पण फिरतो पट्ट्यावर. याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. सात हजारला सात पीएसआय देणारा साडेतीन हजारला दोनसुद्धा देत नाही. अमेरिकेतले रसिक याला नाकं मुरडतात. मला मात्र आपल्या रस्त्यांसाठी हाच दोष गुण वाटतो. कासारवडवलीपासून कापूरबावडीपर्यंत रांगत जाताना गाडी जवळजवळ मूळ स्वभावाने चालते, फुकट तापत नाही, आणि पावसात मागची चाकं जागच्या जागी फिरत नाहीत.

चटक्याचं गणित

आता तो पाइप. हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं तेच हे. बाहेर ३५ अंश असताना सात पीएसआय दाबली तर सुपरचार्जरमधून निघताना हवा नव्वदीच्या आसपास जाते. दाब झाला जवळजवळ दीडपट, पण तापून फुगल्यामुळे प्रत्यक्ष हवा मिळते सव्वापट. ती इंटरकूलरमधून, म्हणजे हवा गार करणाऱ्या रेडिएटरमधून फिरवून पंचावन्नपर्यंत आणली तर १.४ पटीपर्यंत पोचता येतं. म्हणजे इंटरकूलर नसलेलं स्वस्त किट घेतलं तर पैसे दीडपटीचे आणि माल सव्वापटीचा. शिवाय ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असली की इंटरकूलरचं पाणीच तापून बसतं. सिग्नल सुटल्यावर पहिला जोर लावाल तेव्हा आकडा कोटेशनमधला नसतो.

हॉर्सपॉवर कमी मिळणं हा निम्माच तोटा. गरम हवेने नॉकिंग होतं. नीट जळताना स्पार्क प्लगपासून ज्वाळा पसरत जाते, एका कडेने गवत पेटत जावं तशी. पण उष्णता आणि दाब जास्त झाला की ज्वाळा पोचायच्या आत दूरच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं, सगळं एकदम. तो दाबाचा हातोडा पिस्टनवर बसतो. फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. थोडं असेल तर कॉम्प्युटर ऐकतो आणि ठिणगी उशिरा टाकतो. जास्त असेल तर पिस्टनच्या रिंगांमधलं अॅल्युमिनियम तुटतं.

याच कारणाने हेलकॅटसारखं मुळातच सुपरचार्जरसाठी बनवलेलं इंजिन कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट आवळतो ते) कमी ठेवतं, ९.५ ला १. भाच्याच्या मस्टँगचं आहे ११ ला १. ती मोटर स्वतःच आधी हवा घट्ट आवळते. तिच्यावर बाहेरून रेटा द्यायचा तर सहा-सात पीएसआयवर समाधान मानायचं. तेवढ्यातसुद्धा चांगल्या किटवर सहाशेच्या घरात जाता येतं, आणि सहाशे म्हणजे चारशेला बोल्ट-ऑन लावून मिळणारी गोष्टच नव्हे. खोटं कशाला बोलू, मला ती ओढ कळते. पण पुढे मोह असतो पुलीचा. सुपरचार्जरवरची पुली थोडी लहान केली की तो जास्त वेगाने फिरतो, बूस्ट वाढतं. काही हजारांत होणारं काम, आणि मोटरची वाट लावणारंही तेच.

इंधनाबाबत तर अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे वाचणं धोक्याचं. आपल्या पंपावरचे ९५, १०० हे ऑक्टेनचे, म्हणजे पेट्रोल नॉकिंगला किती तोंड देतं त्याचे आकडे एका पद्धतीचे. अमेरिकेत दोन पद्धतींची सरासरी लिहितात, जी तेच पेट्रोल असलं तरी चार-पाचने कमी दिसते. तिथलं ९३ म्हणजे आपल्या हिशेबात ९७-९८. म्हणून 'किट ९३ वर चालतं' असं वाचून इथे ९५चं भरलंत तर अंतर पडतं. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणलेलं १०० ऑक्टेनचं पेट्रोल त्यासाठी आहे, पण ते प्रत्येक पंपावर नसतं. गोव्याला जाताना मध्येच टाकी संपली आणि साधं भरलं तर ट्यूनने ते सोसलं पाहिजे. ट्यूनरला हा प्रश्न तोंडी विचारायचा आणि उत्तर लेखी घ्यायचं.

इथेनॉलचीही भर आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला १४.७ नाही, साधारण साडेतेरा किलो हवा पुरते. उलट बाजूने बघितलं तर तेवढ्याच हवेला पेट्रोल आठ-नऊ टक्के जास्त घालावं लागतं. सावकाश चालवताना सेन्सर हे सांभाळून घेतो. पूर्ण पाय दाबल्यावर मात्र इंजेक्टर आणि पंपात तेवढी ताकद उरलेली हवी, आणि सुपरचार्जरने ती आधीच ४० टक्के जास्त मागितलेली असते. परदेशातून ई-मेलवर आलेल्या ट्यूनमध्ये हे धरलेलं असेल असं गृहीत धरू नये. इथेनॉलची एक चांगली बाजूही आहे, ते जळताना नॉकिंगला चांगलं तोंड देतं आणि आत शिरताना हवा गार करतं. पण त्याचा फायदा घेणारा ट्यूनर इथे बसून, इथल्या पेट्रोलवर, इथल्या उन्हात लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद बघणारा हवा.

डब्यातल्यांचं काय

दीडपट माणसं डब्यात शिरली की दार, कड्या, स्प्रिंगा सगळ्यांना सोसावं लागतं. सुपरचार्जरच्या कोटेशनमध्ये किट आणि मजुरी होती. पेट्रोल पंप नव्हता, एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) स्पार्क प्लग नव्हते, गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर नव्हता, ब्रेक नव्हते, टायर नव्हते. अमेरिकेत चांगलं किट काही हजार डॉलरला मिळतं. त्यावर जहाज, ड्यूटी, कर. आणि मी त्याला सांगितलं तो माझा ठोकताळा: किट घरी येऊन पडेपर्यंत जेवढे लागतील, जवळजवळ तेवढेच आजूबाजूच्या गोष्टींना बाजूला ठेव. नसतील तर किटही घेऊ नको. फोर्डने इथलं उत्पादन २०२१ मध्ये थांबवायचं ठरवलं. गिअरबॉक्स गेला तर तो शोरूममधून उद्या येणार नाही.

कायद्याचं थोडक्यात, कारण त्यात खोल जाण्यासारखं नाही, सरळ आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फरक करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) काढून सरळ पाइप टाकणं हे तर आवाजातही पकडलं जातं आणि धुरातही. बुलेटच्या सायलेन्सरांवर रोलर फिरवल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला की दाव्याचं काय होतं, ते वेगळं सांगत नाही. म्हणून हे सगळं धावपट्टीवर किंवा ट्रॅकवर, त्यासाठी ठेवलेल्या गाडीने करायचं काम आहे. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत, कोइंबतूर आणि चेन्नईला ट्रॅक आहेत. पाम बीच रोड हा ट्रॅक नाही, आणि अटल सेतूवर मर्यादा १०० ची आहे, जी मस्टँग दुसऱ्या गिअरमध्ये गाठते.

भाच्याला मी निर्णय दिला नाही. डोंगल दिला. म्हटलं, दोन आठवडे घर-ऑफिस-घर, शिवाय शनिवार-रविवार, नेहमीसारखी चालव. कानाला हवा तेवढा जोर लाव. मग बघू.

त्याचं ऑफिस ऐरोलीला. दोन आठवड्यांनी लॉग उघडला. गाडी एकूण साडेसोळा तास चालली होती. ॲक्सिलरेटर नव्वद टक्क्यांच्या वर किती वेळ होता ते आम्ही चाळून काढलं. ४१ सेकंद. त्यातले अकरा घोडबंदरला पहाटे, गायमुखच्या अलीकडे, आणि त्या अकरा सेकंदांत ट्रॅक्शन कंट्रोलने (चाकं जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) चार वेळा गाडी आवरली होती. मागचे टायर सहा वर्षांपूर्वीचे निघाले. कडेवरचा तारखेचा शिक्का त्याने आधी कधी वाचलाच नव्हता. म्हणजे हवा इंजिनात कमी पडत नव्हती, रस्त्यावर उतरत नव्हती.

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. मग म्हणाला, "मामा, ४१ सेकंद म्हणजे कमी की जास्त?" मी म्हटलं, तुला किती हवेत ते तू सांग.

मागचे टायर त्याच आठवड्यात बदलले, नंतर ब्रेक पॅड आणि ब्रेकचं तेल. कूलंट बदलताना रेडिएटरपुढची जाळी चिलटांनी आणि धुळीने अर्धी बुजलेली सापडली, ती साफ केली, तर ट्रॅफिकमधलं तापमान पाच अंशांनी उतरलं. एअर फिल्टरचा डबा कंपनीचाच आहे. सायलेन्सरचा विषय तो दर रविवारी काढतो आणि बहीण दर रविवारी त्याच्याकडे बघते. सुपरचार्जरचं कोटेशन मी फाडून टाक म्हटलं नाही, त्यानेही फाडलं नाही. मोबाईलमध्ये कुठेतरी त्या लहान पुलीचं मापसुद्धा त्याने जपून ठेवलंय, मला दिसलं.